पुढच्या सभेची सूचना लावण्याआधी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांस,



सप्टेंबर तोंडावर आला की तुमची तारांबळ सुरू होते. ३० तारखेच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची, त्याआधी हिशेब तपासून घ्यायचे, १४ दिवस अगोदर सूचना प्रत्येकाच्या हाती पोचवायची, आणि नेमके त्याच सुमारास गणपती. राज्यात नोंदलेल्या गृहनिर्माण संस्था लाखाच्या वर आहेत. म्हणजे या दिवसांत महाराष्ट्रात लाखभर ठिकाणी माणसं खुर्च्या मांडून एकत्र बसतात आणि स्वतःच्या पैशाबद्दल, स्वतःच्या छपराबद्दल निर्णय घेतात. लोकशाहीचा एवढा मोठा घरगुती प्रयोग दुसरा नसेल. तो चालवता तुम्ही, तेही बहुतेक ठिकाणी बिनपगारी आणि वर शिव्या खाऊन. म्हणून या पत्रात तक्रार कमी आणि विनंती जास्त आहे.

एखादी नेहमीची सभा डोळ्यांपुढे आणा. इमारतीखालच्या पार्किंगमधल्या चार गाड्या बाहेर काढून मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, गणेशोत्सवातून उरलेला माइक, सूचनेवर छापलेली सकाळी १० ची वेळ. १० वाजता तुम्ही तिघं आणि एक निवृत्त काका हजर. आदर्श उपविधींप्रमाणे गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांत जी कमी ती. दोनशे सदनिकांच्या संकुलात २० माणसं जमली तरी पुरे. तीही जमत नाहीत. सभा अर्धा तास तहकूब होते आणि साडेदहाला तिथेच पुन्हा सुरू होते. आता गणसंख्येचं बंधन उरत नाही, आणि हे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून तर १० ला कोणी येत नाही.

मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे: सूचक, अनुमोदक, मंजूर. ताळेबंद: मंजूर. लेखापरीक्षकाची नेमणूक: मंजूर. मग गच्चीचं वॉटरप्रूफिंग, खर्च काही लाखांत. अध्यक्ष उभे राहून सांगतात, “तीन कोटेशनं आली होती. कमिटीला दुसरं बरं वाटलं. कोणाची हरकत?” कोणी मोबाइलमध्ये, कोणी छताच्या पंख्याकडे बघत. मंजूर. एवढ्यात आयत्या वेळचे विषय निघतात आणि भटक्या कुत्र्यांना बिस्किटं कोण घालतं यावर सव्वा तास रणधुमाळी होते. पुढच्या जुलैत गच्ची गळायला लागली की जिन्यात भेटणारा प्रत्येक जण म्हणतो, “मला तेव्हाच वाटलं होतं.”

हे वाक्य खोटं नसतं. खरोखरच बऱ्याच जणांना तेव्हाच वाटलेलं असतं. एकाने त्या कंत्राटदाराचं काम मेव्हण्याच्या इमारतीत पाहिलेलं असतं, दुसऱ्याला दर फार कमी वाटून शंका आलेली असते. सगळ्यांना कळत होतं आणि सभेला कळलं नाही, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

तुमच्या बाजूचं उत्तर ठरलेलं आहे: लोकांना आस्था नाही, आपल्याकडे एकीच नाही, फुकट्यांचा जमाना आहे. हे उत्तर टिकत नाही, कारण हीच माणसं दुसरीकडे वेगळी वागतात. सभेला न येणारा दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री गोविंदा पथकाच्या सरावाला जातो. जोगेश्वरीच्या ‘जय जवान’ पथकाने नऊ थर लावले ते असल्याच नोकरदार, कॉलेजच्या मुलांच्या खांद्यावर. तिथे कुणाचा पाय कुणाच्या खांद्यावर हे ठरलेलं असतं आणि कोण डगमगला हे खालून दिसतं. कामसू माणसाला पथकात आणि आळशी माणसाला सोसायटीत भरती करून हा फरक पडलेला नाही. माणूस तोच, मांडणी वेगळी. आणि सभेची मांडणी तुमच्या हातात आहे, एवढंच या पत्राचं सांगणं आहे.

मांडणीचा परिणाम मोजण्याची सुरुवात एका फ्रेंच शेती अभियंत्याने केली. मॅक्स रिंगेलमान हा बैल, घोडे, यंत्रं आणि माणसं यांच्याकडून किती ओढ मिळते याचा अभ्यास करत होता. १८८० च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि १९१३ साली आकडे छापले. एकट्याचा जोर १०० धरला तर दोघं मिळून माणशी ९३ च भरत. तिघं झाले की ८५. आठ जण एकत्र ओढू लागले तेव्हा माणशी जोर ४९ वर आला. आठ माणसं लावून कामाला आली चार माणसांचीही नव्हे, त्याहून किंचित कमीच ताकद.

रिंगेलमानने याचं बरंचसं कारण ताळमेळात शोधलं: सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. ते खरंच होतं, पण अपुरं होतं. १९७४ मध्ये अमेरिकी संशोधकांनी डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या टोकाशी उभं केलं आणि मागे आणखी माणसं ओढत आहेत असं त्याला भासवलं. मागचे फक्त ओढण्याचं सोंग करत होते. ताळमेळ बिघडायला दुसरं कोणी नव्हतंच, तरी त्याचा जोर एकट्याने ओढतानापेक्षा कमी भरला. पाच वर्षांनी लटाने, विल्यम्स आणि हार्किन्स या तिघांनी टाळ्या वाजवायला आणि ओरडायला लावून तेच पाहिलं. माणसं वाढली तसा माणशी आवाज घटला. मग १९८१ मध्ये त्यांनी एक छोटासा बदल केला. प्रत्येकाला सांगितलं, तुझा आवाज वेगळा मोजला जाणार आहे. अंगचोरी नाहीशी झाली. भाषण नाही, संघभावनेची कार्यशाळा नाही, दंड नाही. फक्त ज्याचं काम त्याच्या नावावर पडलं.

आता तुमचं इतिवृत्त उघडा. “पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीबाबत समितीने योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले.” कोणी करावी? कधीपर्यंत? या वाक्यात दोर ओढणारे अकरा जण आहेत आणि नाव एकाचंही नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर “कोणीतरी प्लंबरला फोन करा” असा संदेश पडतो, शंभर जण वाचतात, दोघं अंगठा दाखवतात आणि संध्याकाळी पाणी वाहतच असतं. त्याच जागी “अमुकराव, तुम्ही प्लंबरला फोन करून सात वाजेपर्यंत इथे कळवाल का?” असं लिहिलं असतं तर काम झालं असतं, हे तुमच्यातल्या जुन्या सचिवांना प्रयोगशाळेशिवाय ठाऊक आहे. इतिवृत्त लिहिताना मात्र तेच सचिव पुन्हा “समितीने” लिहितात. लिहिण्याची रीत तशी पडून गेलीये.

अंगचोरीपेक्षा मोठं दुखणं गप्प बसण्याचं आहे. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकलेला असेल, पण त्यातला उपयोगाचा भाग सहसा सांगितला जात नाही. १९५१ च्या सुमारास त्याने कॉलेजातल्या मुलांना एक रेघ दाखवली आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते विचारलं. लहान पोरालाही जमेल असं काम. मात्र खोलीत खरा परीक्षार्थी एकच होता. बाकीचे ॲशने शिकवून ठेवलेले होते आणि ते ठरल्याप्रमाणे एकामागून एक चुकीचं उत्तर बिनदिक्कत देत. त्या एकट्याची पाळी शेवटाकडे येई. चारातल्या तिघांनी कधी ना कधी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून इतरांच्या सुरात सूर मिसळला.

इथवरचा भाग प्रसिद्ध आहे. पुढचा तुमच्या कामाचा. ॲशने शिकवलेल्यांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, तेव्हा चुकीच्या सुरात सामील होण्याचं प्रमाण एकतृतीयांशावरून कुठल्या कुठे, पाच-सहा टक्क्यांवर आलं. आणि परीक्षार्थ्याला उत्तर मोठ्याने न बोलता कागदावर लिहू दिलं, तेव्हाही ते खूप घसरलं. एक सोबती किंवा एक कागद, बस्स. “कमिटीला दुसरं बरं वाटलं, कोणाची हरकत?” या प्रश्नात सोबती नाही, कागदही नाही. पहिलं उत्तर देऊन टाकलंय ते सभेतल्या सगळ्यात वजनदार माणसाने. त्यानंतर हात वर करणाऱ्याला आधी अध्यक्षांशी, मग समितीशी आणि शेवटी जेवणाची वेळ झालेल्या चाळीस जणांशी भांडावं लागतं. एवढं कोण करणार? ज्याला भांडायची सवय आहे तोच. म्हणून प्रत्येक सोसायटीत एक कायमचा विरोधक असतो, आणि तो काहीही बोलला तरी “यांचं नेहमीचंच” म्हणून त्याचा बरोबर मुद्दाही वाया जातो.

अध्यक्षाने आधी बोलावं की शेवटी, या एका गोष्टीने किती फरक पडतो याचा पुरावा बऱ्याच उंचावरचा आहे. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेने सुमारे १४०० क्यूबन निर्वासितांना क्यूबाच्या ‘बे ऑफ पिग्ज’ किनाऱ्यावर उतरवून फिडेल कास्ट्रोचं सरकार उलथवायचा घाट घातला. तीन दिवसांत बोजवारा उडाला, हजाराहून जास्त जण पकडले गेले. योजना कागदावरच तकलादू होती. ती मान्य करणारे राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सल्लागार तर त्या पिढीतले हुशार म्हणून नावाजलेले. त्यांच्यातल्या आर्थर श्लेसिंजर या इतिहासकाराने लेखी विरोध नोंदवला होता, पण बैठकीच्या टेबलाशी तो जवळजवळ गप्प राहिला आणि त्याबद्दल पुढे त्याने स्वतःला बोल लावला.

दीड वर्षाने, ऑक्टोबर १९६२ मध्ये, सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्यूबात आल्याचं कळलं. या वेळी टेबलाभोवती बरेचसे चेहरे तेच होते: रस्क, मॅकनमारा, बंडी, रॉबर्ट केनेडी. बैठका मात्र वेगळ्या झाल्या. राष्ट्राध्यक्ष काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, कारण ते खोलीत असले की लोक त्यांच्या तोंडाकडे बघून बोलत. सल्लागारांचे छोटे गट पाडले, एका गटाचा प्रस्ताव दुसऱ्याने फोडून काढायचा असं ठरलं. सुरुवातीला हवाई हल्ल्याकडे कल होता. चर्चेअंती नाकेबंदी ठरली आणि १३ दिवसांत अणुयुद्धाचं सावट टळलं. अर्थात तेवढ्याने ते टळलं नाही, सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हही मागे सरला आणि पडद्याआड देवाणघेवाण झाली. पण आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली हे दोन प्रसंग शेजारी ठेवून गटाच्या आंधळ्या एकमताचा जो सिद्धांत मांडला, त्यातली ही तुलना आजही पटते. माणसं तीच. बसवलं वेगळं.

दुसरी एक अडचण याहून चोरटी आहे. गॅरोल्ड स्टासर आणि विल्यम टायटस यांनी १९८५ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला दिला. सगळी माहिती सगळ्यांना दिली तेव्हा बहुतेक गटांनी सर्वात लायक उमेदवार बरोबर निवडला. मग त्यांनी त्याच उमेदवाराचे गुण वाटून टाकले, एक गुण एकालाच ठाऊक, दुसरा दुसऱ्यालाच, आणि उणिवा मात्र सगळ्यांना माहीत. गट बोलत बसले, पण बोलले ते सगळ्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टींबद्दल. वाटलेले गुण ज्याच्या त्याच्या डोक्यातच राहिले आणि लायक उमेदवार पडला.

सोसायटीत पाण्याची चर्चा नेमकी अशी चालते. उन्हाळ्यात टँकरचा खर्च वाढला की सगळे मिळून महापालिकेच्या नावाने बोटं मोडतात, कारण तेवढं सगळ्यांना माहीत असतं. पंप रोज किती वेळ चालतो हे वॉचमनला ठाऊक. खालच्या टाकीचा बॉलकॉक रात्री नीट बसत नाही हे तळमजल्यावरच्या आजींना ठाऊक, कारण त्यांना झोप नाही आणि वाहत्या पाण्याचा आवाज त्यांच्याच खिडकीशी येतो. पंधरा वर्षांपूर्वी पाइपलाइन वळवली तेव्हा जुना जोड तसाच सोडला होता हे घर विकून गेलेल्या माजी सचिवांना ठाऊक. वॉचमन सभासद नाही, म्हणून सभेत नाही. आजी जिना उतरत नाहीत. माजी सचिवांचा नंबर कोणाकडे तरी असेल. अशा वेळी “काही सूचना असतील तर सांगा” या घोषणेने काही हाती लागत नाही. सभेच्या आठ दिवस आधी एकाने वही घेऊन तिघांकडे जावं लागतं.

सूचना मागवण्यावरून आठवलं. सगळ्यांनी एकत्र बसून मनात येईल ते बोलत जायचं, ही ॲलेक्स ऑस्बर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने लोकप्रिय केलेली पद्धत ऑफिसांमधून आता सोसायट्यांतही आली आहे. १९५८ साली येल विद्यापीठात ती तपासली गेली. चार जण एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढतात, त्याहून जास्त कल्पना आपापल्या खोलीत एकेकटे बसलेले चार जण काढतात असं दिसलं, आणि नंतरच्या तपासण्यांतही बहुधा तेच निघालं. मोठं कारण अगदी साधं: एक बोलत असतो तेव्हा बाकीचे आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि तोवर विसरतात. आधी प्रत्येकाने लिहायचं, मग वाचायचं. एवढ्याने काम भागतं.

या सगळ्या गोष्टी परदेशातल्या प्रयोगशाळांतून आयात करण्याची गरज नाही. तुमच्या इमारतीत घरकामाला येणाऱ्या ताईंना विचारा. त्या बहुधा एखाद्या महिला बचत गटात असतील. गट १० ते २० जणींचा. पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड, नियमित लेखे. बायका गोल करून बसतात, खुर्ची-सतरंजी असा भेद नसतो. पैसे सगळ्यांच्या समोर मोजले जातात, वही मोठ्याने वाचली जाते, हप्ता कोणाचा चुकला हे तिथेच कळतं आणि का चुकला हेही तिथेच विचारलं जातं. कर्ज द्यायचं की नाही ते बोलूनच ठरतं. रिंगेलमानचं नाव तिथे कोणी ऐकलेलं नाही, पण आवाज ज्याचा त्याच्या नावावर मोजायची सोय त्या वहीत आहे. तुमच्याकडे लेखापरीक्षकाची सही असते. वर्षभर मात्र हिशेब तिघांखेरीज कोणी पाहिलेला नसतो.

आणि अधिक धीराचं उदाहरण हवं असेल तर गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे बघा. शंभरएक घरांचं हे गोंड आदिवासींचं गाव. देवाजी तोफा आणि त्यांचे गावकरी ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणाले, ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वनखात्याकडेच मागावा लागत होता. त्यासाठी गाव भांडत राहिलं आणि २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१३ मध्ये गावाने ग्रामदानाचा, म्हणजे आपापल्या जमिनींची मालकी ग्रामसभेकडे देण्याचा निर्णय घेतला. सोसायटीत एका पार्किंगच्या पट्ट्यावरून दोन घरं वर्षानुवर्षं बोलत नाहीत, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या निर्णयाचं वजन कळतं.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. पण सर्वसहमती म्हटलं की ॲशच्या त्या खोलीची धास्ती वाटायला हवी. सगळ्यांनी हो म्हणायचं असेल तर नाही म्हणणाऱ्यावर दबाव येणारच. मेंढ्याने यावर काढलेला तोडगा म्हणजे अभ्यास गट. एखाद्या विषयाचा अभ्यास करायला ज्यांना वाटेल ते बसतात. बाहेरचा वकील, अधिकारी, अभ्यासकही त्यात येऊ शकतो. वाद घालायचा, कायदा वाचायचा, शंका काढायच्या, आणि निर्णय घ्यायचा नाही. निर्णयाचा अधिकार अभ्यास गटाला नाहीच, तो ग्रामसभेचा, आणि ग्रामसभेत बाहेरच्याचं मत चालत नाही. ज्या खोलीत निर्णय होणार नाही तिथे माणसं मोकळी बोलतात, कारण तिथे कोणी हरत-जिंकत नाही. गावाला हे उमगलेलं होतं. अभ्यास होऊन आलेला विषय ग्रामसभेत पुन्हा पुन्हा येतो, एखाद्याचं समाधान झालं नाही तर थांबतो. वेळ लागतो. पण ठरलं की ते मोडायला कोणी कोर्टात जात नाही.

मेंढा जसाच्या तसा उचलून ठाण्याच्या चारशे सदनिकांच्या संकुलात आणता येईल, असा भाबडेपणा इथे नाही. मेंढ्याचं जंगल एक, गोत एक, भाषा एक. तुमच्याकडे निम्म्या सदनिकांत भाडेकरू, मालक दुबईत आणि एखाद्या गुंतवणूकदाराची चार घरं बंद. सर्वसहमतीची अट घातली तर लिफ्टचा दिवासुद्धा बदलला जाणार नाही. पण अभ्यास वेगळा आणि निर्णय वेगळा, ही विभागणी तुम्हाला उद्यापासून करता येते. आज तुमची समिती अभ्यासही करते, शिफारसही करते, सभा चालवते आणि मंजुरीही घेते. एवढं सगळं एकाच हाती आलं की समोरच्या माणसाला आपण शिक्का मारायला बोलावलेले आहोत असं वाटतं, आणि ते चुकीचं नसतं.

समितीबद्दल आणखी एक. अनिता वूली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये सुमारे सातशे जणांना दोन ते पाचच्या गटांत विभागून तऱ्हेतऱ्हेची कामं दिली. गटाचं यश गटातल्या सर्वात हुशार माणसावर फारसं अवलंबून निघालं नाही. बोलण्याची पाळी साधारण सारखी वाटली जाते का, समोरच्याच्या चेहऱ्यावरचं कळतं का, यावर ते जास्त अवलंबून होतं. ज्या गटांत स्त्रिया जास्त ते गट सरस ठरले. कायद्याने तुमच्या समितीत महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्या भरल्या जातात. सह्या बाईंच्या आणि बोलणं त्यांच्या यजमानांचं, असा प्रकार किती समित्यांत चालतो ते तुम्हालाच ठाऊक.

हे सगळं गच्ची आणि टँकरपुरतं असतं तर पत्राचा खटाटोप केला नसता. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या हजारो जुन्या इमारतींपुढे आता पुनर्विकास उभा आहे. ४ जुलै २०१९ च्या शासननिर्णयाने त्यासाठीची संमती पूर्वीच्या ७५ वरून ५१ टक्क्यांवर आणली. हेतू समजण्यासारखा होता: दोन-चार घरांच्या अडवणुकीने शंभर घरं पडक्या इमारतीत अडकू नयेत. पण ५१ ने ठरलेल्या गोष्टीत ४९ जणांना घर रिकामं करून भाड्याच्या जागेत जायचं असतं. त्या ४९ पैकी कितीजण खरोखर विरोधात होते आणि कितीजणांना फक्त ‘आम्हाला कोणी विचारलं का?’ एवढंच खटकत होतं, हे त्या सभेत कळत नाही. नंतर नोटिसा, उपनिबंधकांकडचे अर्ज, कोर्टाच्या तारखा यांतून कळतं आणि तोवर विकासक भाडं थांबवण्याची भाषा करू लागलेला असतो. ५१ ही कायद्याने ठेवलेली किमान पातळी आहे. तिच्यावर पोचलो की काम झालं असं मानणारे अध्यक्ष पुढची पाच वर्षं त्याची किंमत मोजतात.

म्हणून या वर्षीपुरती विनंती. सूचनेबरोबर कोटेशनं पूर्ण पाठवा, फक्त रकमा नकोत, कामाचा तपशीलही द्या. मोठ्या खर्चाच्या एका विषयासाठी सभासदांतून चार-पाच जणांचा अभ्यास गट नेमा, त्यात समितीच्या विरोधात बोलणारा एक तरी घ्या, आणि त्या गटाने वॉचमनशी, प्लंबरशी आणि खाली न उतरणाऱ्या आजींशी बोललंच पाहिजे असं बघा. सभेत तो विषय आला की प्रत्येकाला कोऱ्या कागदाचा तुकडा द्या आणि चर्चेआधी तीन मिनिटं आपलं मत लिहू द्या, नाव न घालता. हे मतदान नव्हे, मतदान नंतर नियमाप्रमाणे होईल. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या की ज्याला वाटत होतं आपण एकटेच, त्याला सोबती सापडेल. तेवढा वेळ अध्यक्षांनी मत राखून ठेवावं. अवघड आहे, वर्षभर राबलेल्या माणसाला तर फारच, पण केनेडींना जमलं होतं. आणि इतिवृत्तात प्रत्येक ठरावापुढे एक नाव आणि एक तारीख लिहा.

सूचना फळ्यावर लावायला अजून दिवस आहेत. गच्चीचा विषय यंदाही असेलच. तो आयत्या वेळच्या विषयांच्या बराच आधी, लोक ताजेतवाने असताना घ्या, आणि पहिला प्रश्न “कोणाची हरकत?” असा विचारू नका. “या कामात काय बिघडू शकतं, असं तुम्हाला वाटतं?” असा विचारा.



आपल्यासारख्याच एका संस्थेचा सभासद